शपथ निकियाला चालली, अँटिओकला का मोडली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या क्रुसेडमध्ये, म्हणजे पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती लोकांच्या जेरुसलेमवरच्या स्वारीत, बायझंटाइन (कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याच्या) सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसने पश्चिमेकडून आलेल्या सरदारांना अँटिओकपाशी (आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या) वाऱ्यावर सोडलं, म्हणून त्यांनी ते शहर त्याला परत दिलं नाही, असं तुम्ही एकीकडे वाचलंत. दुसरीकडे वाचलंत की जिंकलेली शहरं सम्राटाला परत द्यायची शपथ सरदारांनीच मोडली आणि सम्राट फसवला गेला. यातलं खरं कुठलं? आणि १२०४ साली क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्याची सुरुवात इथेच झाली का?

दगा कोणी दिला, हा वाद नऊशे वर्षं चालू आहे आणि तो सुरू केला तो त्यातल्या पक्षकारांनीच. म्हणून वर्गात हा भाग शिकवताना मी निवाडा आधी बाजूला ठेवते आणि विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला लावते. अमुक महिन्यात कोण कुठे होतं, त्याच्या हातात काय होतं, आणि तोवर त्याला कुठली बातमी कळली होती. हा तक्ता प्रामाणिकपणे भरला की माझ्या मते एक गोष्ट उघड होते: रसद, नावा आणि रस्ता या तिन्हींवर सम्राटाचा हात होता तोवर शपथ पाळली गेली. अँटिओकपर्यंत तो हात पोचत नव्हता. बाकीची नाराजी, संशय, ‘ग्रीक (म्हणजे बायझंटाइन) कपटी’ आणि ‘फ्रँक (म्हणजे पश्चिमेकडचे) रानटी’ ही भाषा, सगळं खरं आहे, पण त्याने निकाल ठरला नाही.

आधी माणूस समजून घेऊ. आपल्याकडे शाळेत कॉन्स्टँटिनोपल भेटतं ते एकदम १४५३ मध्ये, तुर्कांनी जिंकलं आणि मग भारताकडे येणारा समुद्रमार्ग शोधला गेला, एवढ्यापुरतं. त्यामुळे त्याआधीची हजार-अकराशे वर्षं आपल्या डोक्यात कोरीच असतात. अलेक्सिओस १०८१ साली बंड करून गादीवर आला. दहा वर्षांपूर्वी मांझिकर्टच्या लढाईत सम्राट स्वतः सेल्जुक तुर्कांच्या हाती सापडला होता, आणि त्यानंतरच्या यादवीत आशिया मायनरचा बहुतेक भाग हातचा गेला होता. पण अलेक्सिओसवर पहिला घाव पडला तो पश्चिमेकडून. दक्षिण इटलीतला नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार्ड आणि त्याचा मुलगा बोहेमंड यांनी १०८१ मध्येच अ‍ॅड्रिअ‍ॅटिक ओलांडून डिरॅकियमला, म्हणजे आजच्या अल्बानियातल्या ड्युरेसला, वेढा घातला. अलेक्सिओस तिथे सपाटून हरला. बोहेमंड पुढे थेट थेसलीतल्या लारिसापर्यंत घुसला. त्याला मागे रेटायला सम्राटाला सैन्याइतकाच पैसा आणि फितुरी वापरावी लागली. हे नाव लक्षात ठेवा, कारण सोळा वर्षांनी हाच बोहेमंड खांद्यावर क्रूस शिवून राजधानीच्या दारात उभा राहणार आहे.

आता अलेक्सिओसने मागितलं काय होतं? या बाबतीत मी बरीच निश्चित आहे. परदेशी पगारी सैनिक ही त्याच्या दरबारची रूढ पद्धत होती. फ्लँडर्सचा वृद्ध काउंट रॉबर्ट यात्रेहून परतताना त्याला भेटला, शब्द देऊन गेला आणि नंतर पाचशे घोडेस्वार पाठवले. हे मदतीचं त्याच्या मनातलं चित्र असावं: मोजकी, शिस्तीची, त्याच्या सेनापतींच्या हुकमात राहणारी माणसं. १०९५ च्या मार्चमध्ये पिआचेन्झाच्या धर्मपरिषदेत त्याच्या वकिलांनी पोप दुसऱ्या अर्बनकडे मदत मागितली. नोव्हेंबरमध्ये क्लेरमाँला पोपने जी हाक दिली तिचं टोक मात्र जेरुसलेमकडे वळलेलं होतं. परिणाम असा, की भांडणात पाठीशी उभी राहायला चार माणसं बोलवावीत आणि दारात अख्खी वरात यावी, तीही स्वतःचा नवरदेव घेऊन.

पहिला जथा पीटर द हर्मिट या फिरत्या धर्मोपदेशकाचा. १०९६ च्या ऑगस्टमध्ये तो पोचला, सम्राटाने थांबायचा सल्ला दिला, लोकांनी आसपास लुटालूट केली, मग त्यांना सामुद्रधुनीपार पाठवलं आणि ऑक्टोबरमध्ये तुर्कांनी त्यांची कत्तल केली. यावर फार थांबत नाही. इतकंच, की मागून येणाऱ्या बड्या सरदारांना दरबार कुठल्या नजरेने पाहत होता ते यावरून कळतं.

बडे सरदार मात्र एकदम आले नाहीत आणि अलेक्सिओसने याचा पुरेपूर फायदा उठवला. प्रत्येकाला वेगळं गाठायचं, शपथ घ्यायची, सोनं द्यायचं, बॉस्पोरसपार उतरवायचं आणि मग पुढच्याला आत घ्यायचं, अशी त्याची रीत होती. फ्रान्सच्या राजाचा भाऊ ह्यू वादळात फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागला आणि सन्मानाने, पण पहाऱ्यात, राजधानीत आणला गेला. शपथेतलं मुख्य कलम असं: जी शहरं, गावं, किल्ले पूर्वी साम्राज्याचे होते ते जिंकल्यावर सम्राटाच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचे.

खरी कसोटी लागली ती लॉरेनचा ड्यूक गॉडफ्रे याच्या वेळी. तो १०९६ च्या नाताळाच्या तोंडावर येऊन तटाबाहेर तळ ठोकून बसला आणि शपथेला नाही म्हणत राहिला. आपण आधीच जर्मन सम्राटाशी बांधलेले आहोत ही त्याची अडचण खरी होती, आणि बाकीचे येईपर्यंत थांबावं हा हिशेबही त्यामागे होता. अलेक्सिओसने लढाई दिली नाही. त्याने बाजार बंद केला. हजारो माणसं, त्याहून अधिक तोंडं, घोडे, आणि धान्य विकणारा एकच. मग तळातल्या लोकांनी आसपासची वस्ती लुटली की बाजार उघडायचा, बोलणी अडली की पुन्हा बंद. २ एप्रिल १०९७, ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार, त्या दिवशी चकमक तटाला भिडली. सम्राटाची मुलगी अ‍ॅना कोम्नेनी लिहिते, की वडिलांनी तिरंदाजांना माणसांपेक्षा घोड्यांवर नेम धरायला सांगितलं. मुलीने लिहिलंय हे लक्षात ठेवूनही मला यात तथ्य वाटतं. घोड्यावरून उतरलेला फ्रँक सरदार निम्मा निकामी, आणि ख्रिस्ती माणूस मारल्याचा बोभाटाही टळतो. काही दिवसांत गॉडफ्रेने शपथ घेतली आणि पलीकडे गेला. भूक हे या सगळ्या वाटाघाटींतलं सगळ्यात मोठं हत्यार होतं, आणि ते त्या वेळी एकाच पक्षाच्या हातात होतं.

बोहेमंड एप्रिलमध्ये आला आणि त्याने चटकन शपथ घेतली. अ‍ॅनाने त्या भेटीचा प्रसंग रंगवून सांगितलाय: सम्राटाने त्याच्यासाठी शिजवलेले पदार्थ पाठवले आणि सोबत कच्चं मांसही, हवं तर तुमच्या आचाऱ्यांकडून करून घ्या म्हणून. बोहेमंडने शिजवलेलं इतरांना वाटलं, स्वतः कच्च्यातलं करवून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी इतरांना विचारलं, तब्येत बरी आहे ना! प्रसंग अक्षरशः घडला असेल-नसेल, दोघांमधलं तापमान मात्र त्यात अचूक उतरलंय. पुढे त्याने पूर्वेच्या सैन्याचं सरसेनापतिपद मागितलं. अलेक्सिओसने हो-नाही न म्हणता आशेवर ठेवलं. मला ही मागणी फार महत्त्वाची वाटते. ते पद मिळालं असतं तर बोहेमंड साम्राज्याच्या पदरचा झाला असता आणि अँटिओक त्याने सम्राटाच्या नावाने राखलं असतं. पण सोळा वर्षांपूर्वी आपल्याच गादीवर चालून आलेल्या माणसाच्या हाती पूर्वेची फौज कोण देणार?

तुलूजच्या रेमंडची गोष्ट उलटी. हा सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत अडेल. मी देवासाठी आलोय, दुसरा मालक करणार नाही, असा त्याचा हेका. शेवटी त्याने फक्त एवढंच कबूल केलं, की सम्राटाच्या जिवाला आणि मानाला धक्का लावणार नाही. आणि पुढे अँटिओकवर सम्राटाचा हक्क आहे असं शेवटपर्यंत ओरडून सांगणारा हाच. चटकन शपथ घेणाऱ्याने ती मोडली, कुरकुर करणाऱ्याने पाळली. पण रेमंडला संतपद देऊ नका. सम्राटाचा हक्क पुढे करणं हा बोहेमंडला अडवायचा त्याच्याकडचा सर्वांत सोयीचा मार्ग होता.

मग निकिया. सेल्जुक सुलतान किलिज अर्सलानची राजधानी, कॉन्स्टँटिनोपलपासून फार दूर नाही. १०९७ च्या मेमध्ये वेढा पडला, पण शहराची एक बाजू सरोवराला लागून होती आणि तिथून आत रसद जात होती. क्रुसेडरांकडे यावर उपाय नव्हता. अलेक्सिओसने नावा जमिनीवरून ओढून सरोवरात सोडल्या. आतल्यांनी त्याच्या सेनापतीशी, बुटुमितिसशी, गुपचूप बोलणी केली आणि १९ जूनच्या सकाळी तटावर सम्राटाची निशाणं फडकताना क्रुसेडरांनी पाहिली. लूट नाही. आत जायचं तर थोडेथोडे जण मिळून. मोबदला म्हणून सरदारांना सोनं आणि जवाहीर, सामान्यांना नाणी. सुलतानाच्या बायकामुलांना सन्मानाने वागवलं गेलं, यावर पश्चिमी लेखक चिडले. पण कराराच्या भाषेत बोलायचं तर निकियाला सगळं ठरल्यासारखं झालं: शहर सम्राटाला, पैसा सरदारांना. याच सुमारास ब्ल्वाचा काउंट स्टीफन बायकोला पत्रात लिहितो, की तुझ्या वडिलांनी (इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने) पुष्कळ मोठी दानं दिली, पण या माणसापुढे ती काहीच नाहीत. आणि अँटिओकने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत आपण जेरुसलेमला. जेरुसलेमला दोन वर्षं लागली, आणि त्या वेळी स्टीफन तिथे नव्हता. तो नेमका कुठे होता, तिथेच तुमच्या प्रश्नाची गाठ आहे.

इथपर्यंतचा हिशेब: सम्राट जवळ, बाजार त्याचा, नावा त्याच्या, शहर त्याला मिळालं.

अँटिओकचा वेढा १०९७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि हिवाळ्यात तळावर उपासमार आली. सम्राटाचा माणूस म्हणून तातिकिओस एक छोटी तुकडी घेऊन सोबत होता. १०९८ च्या फेब्रुवारीत तो रसद आणि कुमक आणतो म्हणून गेला आणि परत आला नाही. का गेला? फ्रँकांच्या इतिवृत्तात तो भित्रा आणि खोटारडा. अ‍ॅना म्हणते, बोहेमंडनेच त्याच्या कानाला लागून भीती घातली, की तुर्कांना सम्राटाने बोलावलंय असा सरदारांना संशय आहे आणि ते तुला मारतील. दोन्ही साक्षी हितसंबंधी आहेत. मी अशा वेळी विचारते, की जाण्याने फायदा कोणाचा झाला. शहर पडलं तर ते ताब्यात घ्यायला शपथेप्रमाणे सम्राटाचा अधिकारी हवा, आणि आता तो जागेवरच नव्हता. सायप्रस साम्राज्याचंच होतं आणि तिथून धान्य येत राहिलं, हे खरं. पण धान्य पोचवणं वेगळं आणि तळावर हुकूम चालणं वेगळं.

मे महिन्यात मोसुलचा तुर्की सत्ताधीश केरबोगा मोठी फौज घेऊन येतोय अशी बातमी आली. बोहेमंडने तटावरच्या एका बुरुजाचा रखवालदार, फिरूझ, आधीच फोडून ठेवला होता. त्याने इतर सरदारांपुढे विषय काढला: जो शहर घेईल त्याचं ते व्हावं. आधी त्यांनी नकार दिला. केरबोगा जवळ आल्यावर होकार दिला, पण एका अटीवर: सम्राट शपथेप्रमाणे स्वतः मदतीला आला नाही तरच. ही अट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा पुरावा. शपथ आपल्यावर बंधनकारक आहे हे सरदारांना पूर्ण मान्य होतं, आणि ती दोन्ही बाजूंनी बांधते असंही त्यांचं मत होतं. ३ जूनच्या पहाटे शहर पडलं. काही दिवसांत केरबोगा पोचला आणि वेढा घालणारेच वेढ्यात सापडले.

स्टीफन शहर पडण्याच्या आदल्या दिवशी आजारपणाच्या कारणाने बाहेर पडला होता. त्याने दुरून केरबोगाच्या छावणीचा पसारा पाहिला आणि तो पश्चिमेकडे निघाला. त्याच वेळी अलेक्सिओस खरोखरच फौज घेऊन येत होता. फिलोमेलियनला, आजच्या तुर्कस्तानातल्या अक्षेहिरला, दोघांची गाठ पडली. स्टीफनने सांगितलं, सगळं संपलं. तटावरून निसटून आलेल्या इतरांनीही तेच सांगितलं. शिवाय आणखी एक तुर्की फौज चालून येतेय अशी खबर होती, असं अ‍ॅना म्हणते. बोहेमंडचा सावत्र भाऊ गी सम्राटाच्या सैन्यात होता, त्याने आकांत केला, पण अलेक्सिओस मागे फिरला. वाटेतला प्रदेश ओसाड करत आणि तिथल्या ख्रिस्ती प्रजेला बरोबर घेत.

आता तक्ता भरा. त्या दिवशी त्याला काय माहीत होतं? अँटिओक शेकडो किलोमीटर दूर, मध्ये डोंगर, आणि तिथून आलेला एक बडा साक्षीदार सांगतोय की आपली माणसं संपली. वर्षभरात त्याचा मेव्हणा जॉन डुकास याने स्मर्ना, इफेसस, सार्डिस परत मिळवलं होतं. मेलेल्यांच्या मदतीला जाऊन हे सगळं पणाला लावायचं? त्याच्या जागी असतानाचा निर्णय मला तरी चुकीचा वाटत नाही. सरदारांच्या जागेवरून पाहिलं तर दृश्य वेगळं. ते मेले नाहीत. २८ जूनला त्यांनी दाराबाहेर पडून केरबोगाला उधळून लावलं, आणि त्यानंतर कधीतरी कळलं की सम्राट निम्म्या वाटेवरून परतला. दोन्ही बाजूंना आपापल्यापुरतं खरं बोलता येतं, अशी ही परिस्थिती आहे.

तरी ‘सम्राटाने सोडलं म्हणून शपथ संपली’ हे विधान मी जसंच्या तसं स्वीकारत नाही. विजयानंतर सरदारांनी ह्यूला कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं, की या आणि शहर घ्या. म्हणजे त्यांच्या लेखी करार तेव्हाही जिवंत होता. सम्राटाचा निरोप १०९९ च्या वसंतात आला: जूनअखेरीस येतो, थांबा. रेमंड थांबायला तयार होता, बाकीचे नव्हते. तोपर्यंत बोहेमंडने रेमंडच्या माणसांना अँटिओकबाहेर काढलंही होतं. त्याने करार मोडला का? हो. सम्राटाच्या परतण्याने त्याला सबब मिळाली, पण मोडायचा बेत फिलोमेलियनच्या आधीचा आहे, फिरूझ आणि तातिकिओसच्या दिवसांतला.

निवाडा कशावर अवलंबून आहे तेही सांगते. सम्राटाने स्वतः येण्याचं वचन दिलं होतं का, हा कळीचा मुद्दा. बोहेमंडच्या गोटातून लिहिलेलं इतिवृत्त म्हणतं, दिलं होतं. जमिनीने आणि समुद्राने सोबत येईन, रसद पुरवीन. अ‍ॅनाच्या सांगण्यात वजन सरदारांच्या कर्तव्यावर आहे. ती हे चाळीसेक वर्षांनी लिहितेय, आणि घटना घडल्या तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. त्याच इतिवृत्तात सम्राटाने बोहेमंडला अँटिओकच्या पलीकडचा मुलूख देऊ केल्याचा एक परिच्छेद आहे, तो काही अभ्यासक नंतर घुसडलेला मानतात. तुम्ही वाचलेल्या दोन परस्परविरोधी उत्तरांचा उगम इथे आहे. एक लेखक या साक्षीवर उभा आहे, दुसरा त्या.

पुढे बोहेमंडने युरोपात जाऊन सम्राटाविरुद्ध प्रचार केला, फ्रान्सच्या राजाच्या मुलीशी लग्न केलं आणि ११०७ मध्ये पुन्हा डिरॅकियमला वेढा घातला. अलेक्सिओसने या वेळी मोठी लढाई दिलीच नाही. खिंडी अडवल्या, समुद्र अडवला, उपासमार होऊ दिली. गॉडफ्रेवर चाललेलंच हत्यार. ११०८ च्या देव्होलच्या तहात बोहेमंडने सम्राटाचा अंकित होणं पत्करलं, अँटिओक फक्त हयातीपुरतं, सम्राटाकडून त्याला वर्षाला दोनशे पौंड सोनं, आणि तिथला धर्मगुरू कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधला. कागदावर संपूर्ण विजय. पण बोहेमंड पूर्वेला परतलाच नाही, अँटिओकमध्ये बसलेल्या त्याच्या भाच्याने, टँक्रेडने, तह धुडकावला, आणि सम्राटाचा हात तिथे आताही पोचत नव्हता.

राहिला १२०४. ही रेघ सरळ ओढू नका. ११५९ मध्ये अलेक्सिओसचा नातू मॅन्युएल फौजेसह अँटिओकमध्ये वाजतगाजत शिरला आणि दोन वर्षांनी त्याने लग्न केलं ते अँटिओकच्या मारियाशी, म्हणजे खुद्द बोहेमंडच्या पणतीशी. संबंध तुटलेले असते तर हे झालं नसतं. बिघाड नंतरचा. मॅन्युएलच्या मृत्यूनंतर मारिया राज्यकारभार पाहत असताना लॅटिन (पश्चिमेकडून आलेल्या) लोकांवरचा रोष उफाळला, ११८२ मध्ये राजधानीत त्यांची कत्तल झाली आणि त्याच उलथापालथीत मारियाही मारली गेली. मग १२०२-०३ मध्ये व्हेनिसच्या कर्जात बुडालेल्या क्रुसेडरांना एका परागंदा बायझंटाइन राजपुत्राने गादीच्या बदल्यात दोन लाख चांदीचे मार्क कबूल केले आणि गादी मिळाल्यावर त्याला ते देता आले नाहीत. १०९७ मध्ये तटाबाहेर बसलेल्या फौजेला सम्राट खाऊ घालू शकत होता, पैसे देऊ शकत होता आणि आपल्या नावांतून पलीकडे उतरवू शकत होता. १२०३ मध्ये तिजोरी रिकामी होती आणि बंदरातल्या नावा व्हेनिसच्या होत्या.